दोनशे बारावा भोपळा

नानासो कोळेकर गेट बसवायला निघाला की त्याच्या टेम्पोत चार गोष्टी हमखास असायच्या. वेल्डिंगचं मशीन, लेव्हलपट्टी, बायको मंगल आणि एक तांबडा भोपळा. या यादीवर मंगल कुरकुर करायची. पण आपलं नाव भोपळ्याच्या आधी येतंय एवढ्यावर समाधान मानायची.

भोपळ्याचं काम शेवटी असे. मोटरवर सरकणारं गेट बसवून झालं की नानासो तो भोपळा गेटच्या वाटेत ठेवायचा आणि मंगलला म्हणायचा, "दाब." मंगल रिमोट दाबायची. गेट सरकत यायचं, भोपळ्याला टेकायचं आणि माघारी जायचं. मग मंगल भोपळा उचलून उन्हात फिरवून बघायची. सालीवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी मोटर उघडायची, जोर कमी करायचा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. ओरखडा नसला तर भोपळा घरच्या मालकिणीच्या हातात द्यायचा. तिनं त्याची भाजी करायची आणि दोघांनी ती खाऊन उठायचं. भाजी खाल्ली म्हणजे गेट मालकाच्या ताब्यात गेलं. कागद नाही, सही नाही.

अशी दोनशे अकरा गेटं झाली होती. म्हसवडला, वडूजला, इकडं मिरजेपर्यंत. दोनशे अकरा घरांत नानासोनं भोपळ्याची भाजी खाल्ली होती.

त्याला भोपळ्याची भाजी आवडत नसे. लहानपणीही नव्हती आवडत. पण नियम त्याचाच होता, आणि स्वतःचा नियम कडू लागतो म्हणून थुंकता येत नाही.

या नियमाचा उगम विट्यात झाला. चौदा वर्षांपूर्वी नानासोनं तिथं पहिलं मोटरचं गेट बसवलं. त्याआधी वीस वर्षं तो हातानं लोटायची गेटं करत होता, त्यामुळं त्याला वाटलं, मोटर म्हणजे ढकलणारा माणूस. माणूस जितका दांडगा तितका बरा. त्यानं जोराचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला. गेटपुढं कोण आहे ते बघणारे डोळे बसवायचे असतात, कडेला रबर लावायचं असतं, हे दुकानदारानं सांगितलं होतं. नानासो म्हणाला होता, "गेट हाय का नवरी? नटवायचं कशाला?"

मग रिमोट शर्टाच्या खिशात टाकून तो ड्रिल आणायला गेटातून बाहेर निघाला. खिशात बटण दाबलं गेलं. गेट आलं आणि नानासोला खांबाशी धरलं. डोकं आणि छाती आत, बाकीचा सगळा नानासो रस्त्यावर. रिमोट छातीवर चेपलेला. त्यानं मोठा श्वास घेतला की बटण दाबलं जायचं, गेट चार बोटं माघारी जायचं. तो हायसं वाटून श्वास सोडायचा, पुन्हा घ्यायचा, की गेट परत यायचं.

मोटर सोडवायची एक किल्ली असते. ती फिरवली की गेट मोकळं होतं, हातानं लोटता येतं. ती किल्ली नानासोच्या विजारीच्या मागच्या खिशात होती, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. मंगल आत होती. गेट बंद असल्यामुळं तिला बाहेर जाता येईना.

"किल्ली कुठाय?" मंगल ओरडली.

"मागं!"

"मागं कुठं?"

"माझ्याच मागं!"

घरमालक सज्जन होता. तो म्हणाला, "पाव्हणं, चहा घेणार काय?" नानासोचं तोंड आत होतं, त्यामुळं चहा आतूनच पाजण्यात आला. रस्त्यानं दोन बायका भाजी घेऊन चालल्या होत्या. त्यांना फक्त पाय दिसले. एक दुसरीला म्हणाली, "चोरी कराय शिरला असंल, अडकला." दुसरीनं कोथिंबिरीच्या जुडीनं एक रट्टा दिला आणि पुढं गेली. शेवटी मंगलनं खांबावर चढून पलीकडं उडी टाकली, खिशातून किल्ली काढली आणि नवरा सोडवला.

दोन फासळ्या मोडल्या. दीड महिना नानासोला हसता आलं नाही. मंगलनं त्याच्या वाटणीचंही हसून घेतलं.

पण दवाखान्यातून टेम्पोनं परतताना, भाळवणी गाव मागं पडल्यावर नानासो म्हणाला, "माझ्या जागी कोण दुसरं असतं तर?"

"तुमच्यासारखं गबाळं दुसरं कोण असणार?"

"वासरू असतं. शाळंला जाणारं एखादं असतं."

मंगल हसली नाही. घरी गेल्यावर नानासोची आई हरणाबाई सगळं ऐकून घेत बसली. तिचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. संध्याकाळी काट्याच्या वाड्याच्या तोंडाशी ती उभी राहायची, एक पाय आडवा टाकायची आणि पायाखालून एकेक मेंढरू मोजून आत घ्यायची. मागं रेंगाळलेलं कोकरू येईपर्यंत काट्याचा झाप लावायची नाही, मग अंधार पडो. ती एवढंच म्हणाली, "दाराला घाई नसावी, नानू. घाई मेंढराला असती."

दुसऱ्या दिवशी नानासोनं बाजारातून भोपळा आणला. का भोपळा, तर डोक्याएवढा असतो आणि तक्रार करत नाही.

आता नानासो एकसष्टचा झाला होता. गुडघे वाजत होते. मंगलनं सांगितलं होतं, "हे दोनशे बारावं. ह्याच्या पुढं भोपळा घरात दिसला तर तुमच्याच डोक्यावर फोडीन." त्यानंही कबूल केलं होतं. विट्याचं सोडलं तर त्याच्या एकाही गेटानं कधी कुणाला दुखवलं नव्हतं. शेवटचंही तसंच जावं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

आणि शेवटचं गेट निघालं सुभेदार नाथाजींचं.

सुभेदारांचं गाव कराडच्या अलीकडं, कृष्णाकाठी. चहूकडं ऊस, मधे बंगला, बंगल्यापुढं सोळा फूट रुंद रस्ता. सुभेदार बहात्तरचे. ताठ. जेवतानासुद्धा ताठ बसायचे, त्यामुळं आमटी शर्टावर सांडायची. लढाईत ज्यांच्या हाताखाली होते ते कर्नलसाहेब अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या घरी येणार होते. रविवारी, सकाळी दहाला. सुभेदारांनी त्यांना आधीच फोनवर सांगून टाकलं होतं की माझ्या घरचं गेट तुम्हाला बघून आपोआप उघडेल आणि गाडी आत आली की आपोआप बंद होईल. गेट तेव्हा झालंच नव्हतं. फक्त सांगून झालं होतं.

"किती दिवस लागतील?" सुभेदारांनी विचारलं.

"बारा."

"बारा? फौजेत आमी चार दिवसांत पूल उभा केलाय."

"त्यो पूल माघारी जाताना मोडायचा असतोय, सुभेदार. गेट ऱ्हायचं असतंय."

सुभेदारांना उलट उत्तराची सवय नव्हती. ते मिशीला हात लावून आत गेले.

काम बारा दिवसांचंच होतं. रुळाखालचा पाया खणायला दोन माणसांना दीड दिवस लागतो. एका दिवसात खणला म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर वीतभर कमी खणतो. काँक्रीट आठ दिवस भिजवावं लागतं. तेवढ्यात नानासोनं गेट जोडलं. दोन्ही टोकांना रुळावर लोखंडी ठोकळे जखडले, म्हणजे गेट चाकावरून पुढं पळून पडणार नाही. वर दोन्ही बाजूंनी रोलर दिले, म्हणजे वाऱ्यानं कलंडणार नाही. गेट उघडताना भिंतीमागं सरकतं तिथं जाळी मारली, म्हणजे गजांतून कुणाचा हात ओढला जाणार नाही. माणसांना यायला-जायला शेजारी वेगळं छोटं दार ठेवलं.

मग मोटर लावायच्या आधी त्यानं सुभेदारांना बोलावलं.

"एका हातानं ढकला."

"मी? मग मोटर कशाला आणलीया?"

"ढकला तर."

सुभेदारांनी डाव्या हातानं ढकललं. चारशे किलोचं गेट लोण्यावरून गेल्यासारखं गेलं. सुभेदार मनात खूश झाले. तोंडावर दाखवलं नाही.

"जे गेट हातानं जात न्हाई त्याला मोटर लावायची न्हाई," नानासो म्हणाला. "मोटर ताकदीसाठी नसती. आळसासाठी असती."

मोटर बसली. गेटच्या पुढच्या कडेला वरपासून खालपर्यंत जाड रबराची पट्टी बसली. ती दबली की गेट माघारी फिरतं. आणि गेटच्या दोन्ही अंगांना, गुडघ्याच्या उंचीवर, खांबांवर डोळ्यांच्या दोन जोड्या बसल्या. काडेपेटीएवढ्या डब्या, पुढं काळपट तांबडी काच. एका डोळ्यातून न दिसणारा किरण निघतो, समोरच्या डोळ्यात जातो. मधे काही आलं, किंवा डोळ्याला किरण दिसेनासा झाला, की गेट मिटत नाही. शंका आली तर उघडं राहायचं, असा त्याचा स्वभाव.

गेट चाललं. सुभेदारांनी घड्याळ लावलं. "वीस सेकंद? गोगलगाय हाय काय ही?"

"गोगलगाईनं कुणाची फासळी मोडल्याचं ऐकलंय कवा?"

सुभेदारांच्या पत्नी शालूबाई चहा घेऊन आल्या होत्या. कष्टाळू बाई, देवभोळ्या. त्या खांबाकडं वाकून बघत होत्या.

"ह्ये काय म्हणं?"

"डोळं हायती, वैनी."

"गेटाचं?"

"व्हय."

"आन् मिटत न्हाईत?"

"कवाच न्हाई. रातंदिस जागं. कोण आडवं आलं तर त्येला जपत्यात."

"अगं बया," शालूबाई म्हणाल्या, आणि नकळत त्यांचे हात जोडले गेले. नानासो तेव्हा स्क्रू आवळत होता. त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

शनिवारी दुपारी भोपळ्याची परीक्षा झाली. आधी डोळ्यांपुढं भोपळा धरला, गेट जागचं हललं नाही. मग डोळ्यांना लागणार नाही असा, उंच स्टुलावर ठेवला. गेट आलं, रबर टेकलं, गेट माघारी गेलं. भोपळा जागचा हलला नाही. मंगलनं तो उन्हात फिरवला.

"ओरखडा न्हाई."

"वैनी, भाजी टाका," नानासो म्हणाला.

"थांबा," सुभेदार म्हणाले. "उद्या साहेब आत आले, गेट बंद झालं, की मग भाजी. भोपळ्यावर माझा भरवसा न्हाई. फौजेत आमी भोपळ्याला विचारून काय करत नव्हतो."

म्हणून भोपळा ओट्यावर राहिला, आणि नानासो-मंगल बंगल्याच्या पडवीतच मुक्कामाला राहिली.

रविवारी सकाळी आठ वाजता सुभेदारांनी रिमोट दाबला. गेट उघडलं. पुन्हा दाबला. गेट मिटेना. खांबावरचा पिवळा दिवा नुसता लुकलुकत राहिला.

नानासो आला. डोळे तपासले. उसाच्या गावात दव पडतं, तसं काहीतरी असेल म्हणून त्यानं सदऱ्याच्या टोकानं चारी काचा पुसल्या. गेट मिटलं. सगळे अंघोळीला गेले.

साडेआठला पुन्हा मिटेना. नानासोनं पुन्हा पुसलं. मिटलं. तो म्हणाला, धूळ असेल. नऊला पुन्हा तेच. आता त्यानं मोटरचं झाकण काढलं, वायरी हलवून बघितल्या, सगळे स्क्रू पुन्हा आवळले. सगळं जिथल्या तिथं. डोळे पुसले, गेट मिटलं. त्यानं हातपाय धुतले आणि चहाचा पहिला घोट घेतला, तोच बाहेरून सुभेदारांचा आवाज आला. गावातली कबुतरं उडाली.

"नानासोऽ!"

सुभेदार निळा कोट, छातीवर पदकांची रांग, डोक्यावर तुरेदार फेटा आणि डाव्या काखेत पितळी टोकाची छडी असे उभे होते. गेट उघडं होतं. दिवा लुकलुकत होता.

"वीस मिनिटं झाली न्हाईत ह्याला नीट करून! आं? ह्ये डोळं आंधळं हायती. काढून टाक. वायर तोड!"

"तोडता येत न्हाई."

"येतीया. गावात इलेक्ट्रिकवाला हाय, त्यो म्हणला, दोन वायरी एकात एक पिळल्या की गेटाला कायसुद्धा दिसत न्हाई आन् ते गपगुमान चालतंय."

"व्हय. आंधळं गेट लय गपगुमान चालतंय," नानासो म्हणाला. "समोर कोण हाय ते त्याला कळतच न्हाई. रबराची वायरबी त्यातच हाय, मग थांबणार कशाला?"

"समोर कोण यायला बसलंय? गाडी आत, गेट बंद. एका दिवसाचा प्रश्न हाय. उद्या जोड परत."

"एका दिवसासाठी काढल्यालं परत कोण जोडत न्हाई, सुभेदार. तीस वर्षं मी ह्येच बघतोय."

सुभेदारांनी पक्कड पुढं केली. "तोड. ह्यो हुकूम हाय."

नानासोनं पक्कड घेतली, पिशवीत टाकली. ओट्यावर जाऊन भोपळा काखेत मारला. मग किल्ली घालून मोटर सोडवली.

"आता हातानं ढकला. साहेब आले की उघडा, आत आले की मिटा. एका हाताचं काम हाय, काल तुमीच केलंय."

"सुभेदारानं? साहेबासमोर? पदकं लावून गेट ढकलायचं?"

"मग मी ढकलतो. पण आंधळं करून देणार न्हाई. तसं करायचं तर माझी दोनशे अकराच झाली म्हणायची. भोपळा माझा हाय, मी घेऊन जातो."

एका बाजूला काखेत छडी, एका बाजूला काखेत भोपळा. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस.

"पंधरा मिनिटं देतो," ते म्हणाले आणि साहेबांच्या वाटेकडं बघायला रस्त्यावर गेले.

नानासो खांबापाशी उकिडवा बसला. ज्या गेटानं भोपळ्याला ओरखडा पाडला नाही ते आज असं का करतंय? त्यानं या वेळी काच सदऱ्यानं न पुसता अंगठ्यानं पुसली. अंगठा तांबडा झाला. त्याला वाटलं, बोट कापलं. मग दिसलं, अंगठ्याला काहीतरी चिकटलंय. तांदळाचा दाणा.

"मंगल, हे बघ."

मंगलनं दाणा बघितला. "तांदूळ? गेट जेवतंय काय?"

"कुंकू हाय. आन् अक्षता. काच तांबडीच, त्यात कुंकू दिसतंय कशाला!" त्यानं चारी काचा ओल्या फडक्यानं धुतल्या, मोटर पुन्हा जोडली आणि मंगलला टेम्पोमागं ओढलं. "बस हितं. गप."

पाच मिनिटं झाली. छोट्या दारातून शालूबाई आल्या. हातात तबक. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता. वाकून त्यांनी पहिल्या डोळ्याकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्हा पुसलं!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सकाळधरनं पाचव्यांदा लावतीया. चांगल्या दिवशी, जागत्या देवाचं कुंकू पुसतंय कोण मेलं?"

नानासो टेम्पोमागून उठला. गुडघा कट्‌कन वाजला.

"वैनी, मीच त्यो मेला."

शालूबाईंच्या हातातलं तबक हिंदकळलं. "आवं, तुमी? आन् कशाला वं पुसताय?"

"तुमी लावताय म्हणून. डोळ्यात कुंकू गेल्यावर त्याला दिसंल कसं? दिसत न्हाई म्हणून ते मिटत न्हाई. मिटत न्हाई म्हणून सुभेदार माझ्यावर तोफा डागत्यात."

"मग काय, पूजा करायची न्हाई? घरावर राखण बसला, डोळं मिटत न्हाई म्हणता, आन् त्याला साधं कुंकू न्हाई? तुमच्याकडं रीतभात हाय का न्हाई?"

मंगल पुढं झाली. "आक्का, घरातल्या देवाला कुंकू डोळ्यात घालता का कपाळाला लावता?"

"कपाळाला."

"मग?"

शालूबाई खांबाकडं बघत राहिल्या. "आगं, पण ह्याला कपाळ कुठाय?"

प्रश्न रास्त होता. नानासोनं खिशातून खडू काढला. प्रत्येक डोळ्याच्या वर चार बोटं सोडून एक गोल काढला.

"हे कपाळ."

"एवढं मोठं?"

"हुशार हाय, वैनी."

शालूबाईंनी चारी कपाळांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. नानासोनं डोळे पुन्हा धुतले. मंगलनं रिमोट दाबला. गेट आलं आणि मिटलं. शालूबाई म्हणाल्या, "बघा. पूजा पावली." दहाला आठ मिनिटं कमी होती.

बरोबर दहाला पांढरी गाडी वळणावर दिसली. मंगलनं बटण दाबलं. गेट सरकलं, गाडी सावकाश आत आली आणि आंब्याखाली थांबली. सुभेदार गेटच्या आत अगदी लागून उभे होते. गेटकडं पाठ, गाडीकडं तोंड. कर्नलसाहेब काठी टेकत उतरले. सुभेदारांनी टाच आपटली आणि सलाम ठोकला.

आता फौजेची रीत अशी की वरिष्ठानं सलाम घेतल्याशिवाय हात खाली आणायचा नाही. आणि कर्नलसाहेबांना सलाम दिसलाच नाही, कारण त्यांचा चष्मा सापडत नव्हता. चष्मा गळ्यात दोरीला लोंबकळत होता. ते खिसे चाचपत होते.

तेवढ्यात गेटची वेळ झाली. ते आपोआप मिटायला निघालं.

सुभेदार डोळ्यांच्या किरणापासून वीतभर आत होते. पण काखेतली छडी मागं हातभर बाहेर आली होती, ती छातीच्या उंचीवर थेट गेटच्या वाटेत. गुडघ्याजवळच्या डोळ्यांना ती दिसायचं कारण नव्हतं.

"थांबवू?" मंगलनं विचारलं.

नानासोनं नको म्हणून मान हलवली. "बोट बटणावर ठेव. रबर हाय."

गेट आलं. रबर छडीच्या पितळी टोकाला टेकलं, दबलं, गेट माघारी गेलं. टेकताना मात्र छडीला हलका धक्का बसला आणि छडीबरोबर सुभेदार जरासे वळले. हात फेट्याला तसाच. आता ते ड्रायव्हरला सलाम करत होते. ड्रायव्हर घाबरून गाडीतून उतरला आणि त्यानंही सलाम केला. पण ड्रायव्हरनं सलाम घेतलेला चालत नाही.

"नाथाजी, माझा चष्मा पाहिलास का रे?" साहेबांनी विचारलं.

सावधानमधे बोलता येत नाही. सुभेदार फक्त डोळ्यांनी साहेबांच्या गळ्याकडं खुणा करू लागले.

गेटनं थोडा वेळ दम घेतला आणि पुन्हा निघालं. टेकलं, माघारी गेलं. सुभेदार आणखी वळले. आता सलाम उसाला होता. शालूबाई पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा गेट आलं, टेकलं, गेलं. आता सुभेदारांपुढं गोठ्यातली म्हैस होती. तिनं रवंथ थांबवला. तिच्या आयुष्यात एवढा मान तिला कुणी दिला नव्हता.

चौथ्या वेळेपर्यंत छडी वाटेतून पार बाहेर फिरली होती. गेट सरळ गेलं आणि आवाज न करता मिटलं. त्याच क्षणी साहेबांना चष्मा सापडला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, मिटलेलं गेट पाहिलं, म्हशीला सलाम करणारा सुभेदार पाहिला.

"नाथाजी," ते म्हणाले, "तुमच्याकडं म्हशीचा हुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे का?"

मग त्यांनी काठी डाव्या हातात घेऊन सलाम घेतला. सुभेदारांचा हात खाली आला. ते आधी गेटकडं वळले, मग नानासोकडं. पाऊण तासापूर्वी आपण कुणाच्या हातात पक्कड दिली होती आणि ती वापरली असती तर छडीबरोबर खांदाही कुठं गेला असता, याचा हिशेब फौजी माणसाला लवकर होतो.

त्यांनी काखेतली छडी काढली आणि मंगलच्या पुढं धरली.

"बघ गं, पोरी."

मंगलनं छडी घेतली. उन्हात धरली, चारी बाजूंनी फिरवली, पितळी टोक नखानं खरवडून बघितलं.

"ओरखडा न्हाई," ती म्हणाली.

"शालू," सुभेदार म्हणाले, "भोपळा चीर."

जेवायला साहेब मधे, एका बाजूला सुभेदार, दुसऱ्या बाजूला नानासो. सुभेदार ताठ बसले आणि आमटी पदकांवर सांडली. नानासो भाजीची वाट बघत होता, म्हणजे औषधाची बघतात तशी. पण शालूबाई आल्या त्या परातीत तांबूस, फुगलेल्या, तुपात तळलेल्या पुऱ्या घेऊन.

"हे काय, वैनी?"

"घाऱ्या. साहेब येणार, आन् भाजी कसली करायची? गोड नको? भोपळा किसला, गूळ घातला, झालं."

नानासोनं एक तुकडा तोंडात टाकला. चावायचा थांबला. पुन्हा चावला. दुसरी घारी घेतली, मग तिसरी. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की मंगलनं विचारलं, "काय झालं वं? फासळी दुखतीया का?"

"दोनशे अकरा घरं," नानासो भरल्या तोंडानं म्हणाला. "चौदा वर्षं. दोनशे अकरा वेळा भाजी खाल्ली मी. एका बाईला सुचलं न्हाई. एका बाईला!"

"तुमीच भाजी कर म्हणत होता."

नानासोनं चौथी घारी संपवली. पाचवी ताटात घेतली आणि तिच्याकडं बघत, जरा हळूच म्हणाला, "मंगल, वडूजचा त्यो डॉक्टर फोन करत हुता. बारा फुटीच हाय गेट. लय काम न्हाई."

"गप खावा," मंगल म्हणाली.